प्राथमिक शाळेतल्या मुलांना नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये नेताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सात ते दहा वर्षांची आठ मुलं आणि सोबत दोन मोठी माणसं. मागच्या खेपेला तासाभरात सगळे मजले फिरून झाले आणि नंतर मुलांना आठवलं ते फक्त डायनासोर आणि लिफ्ट. तुम्हा दोघांनाही जीवशास्त्राची फारशी माहिती नाही. म्हणून आधी काय वाचून जावं, मुलांना वर्कशीट द्यावी का आणि गाईड घ्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी मुलांना म्युझियम दाखवण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. माझ्या मते तुमची अडचण माहितीच्या कमतरतेची नाही. काचपेटीपाशी पोचल्यावर मोठी माणसं पाटी वाचतात आणि मुलं वस्तू बघतात. आपलं वाचून होईपर्यंत मुलांचं बघून झालेलं असतं. मग आपण वाचलेलं सांगायला तोंड उघडतो आणि मुलं पुढच्या पेटीकडे पळालेली असतात. जीवशास्त्रात पदवी घेतलेल्या पालकांचंही हेच होतं, उलट ते जास्त वेळ बोलतात. म्हणून पाटी शेवटी वाचायची. आधी सगळ्यांनी त्या वस्तूकडे बघायचं आणि बघून उत्तर सापडेल असा एक प्रश्न घ्यायचा. पुढे जे सांगते आहे ते सगळं यावरच उभं आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर ठरतील. सात वर्षांचं मूल एका सांगाड्यापाशी पाच मिनिटं थांबलं तरी पुष्कळ झालं, दहा वर्षांचं वीस मिनिटं रमू शकतं. आठ जणांचा एकच घोळका केलात तर मागच्या चौघांना काही दिसत नाही, म्हणून चार-चारचे दोन गट करा आणि वयानुसार करा. भावंडं वेगळ्या गटांत टाकलेली बरी. म्युझियम जुन्या पद्धतीचं, नुसत्या काचपेट्यांचं आहे की हात लावायच्या वस्तू, बटणं, पडदे असलेलं आहे, यानेही फरक पडतो. मला स्वतःला जुनी म्युझियमं मुलांसाठी जास्त आवडतात. बटणं असली की मुलं बटणं दाबतात आणि समोरचा प्राणी बघायचा राहून जातो. आणि पेंढा भरलेल्या प्राण्यांना, अंधाऱ्या दालनांना घाबरणारं मूल एखाद्या गटात असतंच. त्याला आधी फोटो दाखवून ठेवा आणि ‘नको वाटलं तर बाहेर बसू’ हे कबूल करून ठेवा. सुटका आहे हे माहीत असलं की बहुतेक मुलं आत येतात.

तयारी म्हणाल तर दोघांपैकी एकाने आधी एकट्याने जाऊन या. ते जमत नसेल तर नकाशा बघा. संपूर्ण दौऱ्यासाठी तीन, फार तर चार थांबे ठरवा, प्रसाधनगृह कुठे आहे आणि बसायला बाक कुठे आहेत ते टिपा. एवढी तयारी पुरते. मुलांना आधी धडा शिकवून नेऊ नका, म्हणजे तिथे ती उत्तरं पडताळत बसणार नाहीत.

पोचल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं मुलांना सगळ्यात मोठ्या गोष्टीपाशी जाऊ द्या. ‘डायनासोर शेवटी’ असं आमिष दाखवलं तर मधलं काहीच त्यांच्या डोक्यात शिरत नाही. मनसोक्त बघून झालं, ओरडून झालं की मग कामाला लागायचं.

त्या मोठ्या सांगाड्यापाशी बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, ‘हे खरं आहे का?’ मोठी माणसं याला घाईघाईने ‘हो हो, खरं’ म्हणून टाकतात. माझ्या अनुभवात म्युझियममधला सगळ्यात कसदार प्रश्न हाच आहे आणि त्यावर अख्खा थांबा खर्च करावा. कारण उत्तर प्रत्येक वस्तूला वेगळं आहे. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये ‘सू’ नावाचा टायरॅनोसॉरस आहे. 1990 मध्ये तो सू हेन्ड्रिक्सन यांना सापडला, म्हणून हे नाव. त्याच्या सांगाड्यातली बहुतेक हाडं खरी जीवाश्म आहेत, पण धडावर बसवलेली कवटी ही प्रतिकृती आहे. खरी कवटी साधारण 270 किलोची आहे, ती एवढ्या उंचीवर तोलून धरणं कठीण. म्हणून ती वेगळ्या पेटीत ठेवली आहे. लंडनच्या म्युझियमचा प्रसिद्ध ‘डिप्पी’ हा डिप्लोडोकस तर संपूर्णच प्रतिकृती आहे. मूळ हाडं अमेरिकेत पिट्सबर्गला आहेत आणि त्यांच्या साच्यावरून केलेला सांगाडा लंडनमध्ये 1905 मध्ये मांडला. तिथल्या मुख्य दालनात 2017 मध्ये त्याच्या जागी निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगला. तो 25.2 मीटर लांब आहे आणि खऱ्या हाडांचा आहे.

मग मुलांना विचारायचं, ‘ओळखायचं कसं?’ खऱ्या जीवाश्माला सहसा बाहेरून लोखंडी आधार असतो. हाड फार मोलाचं, त्याला भोक पाडत नाहीत. प्रतिकृतीत सळई आतून घालता येते, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. खऱ्या हाडांचा रंग जागोजागी बदलतो, भेगा असतात, आणि मधले हरवलेले तुकडे भरून काढले असतील तर तिथला पोत वेगळा दिसतो. हे नियम काही शंभर टक्के चालत नाहीत, हेही मुलांना सांगा. त्यांनी आपापला अंदाज बांधला की मग पाटी वाचायची. मुलं स्वतःहून पाटीकडे धावतात ती अशाच वेळी, कारण आता तिथे त्यांच्या पैजेचा निकाल असतो.

एखादं चौकस मूल म्हणेल की जीवाश्म म्हणजे हाड की दगड? गाळात गाडल्या गेलेल्या हाडात पाणी झिरपत राहतं, पाण्यातली खनिजं हाडाच्या बारीक छिद्रांमध्ये साठतात, आणि काही वेळा हाडाच्या मूळ द्रव्याची जागाही तीच घेतात. एवढं सांगितलं की पुरे.

‘खरं का?’ हा प्रश्न पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशी पुन्हा येतो, पण तिथे त्याचं उत्तर जरा जपून द्यावं लागतं. कातडी खरी, डोळे काचेचे, आतलं शरीर बनवलेलं. आत नुसता पेंढा कोंबायची पद्धत मागे पडून फार काळ झाला. कार्ल एकली या अमेरिकी कारागिराने आधी प्राण्याचं शरीर मातीत घडवायचं, त्यावरून पोकळ, हलका पुतळा करायचा आणि त्यावर कातडी चढवायची, ही पद्धत नावारूपाला आणली. न्यू यॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधलं आफ्रिकी सस्तन प्राण्यांचं दालन त्याच्याच नावाने आहे. ते 1936 मध्ये उघडलं. तुमच्या म्युझियममध्ये अशी देखावा केलेली पेटी असेल, म्हणजे पुढे प्राणी, खाली माती-गवत आणि मागे रंगवलेलं जंगल, तर मुलांना एकच काम द्या: खरं गवत कुठे संपतं आणि चित्र कुठे सुरू होतं ते शोधा. मागची भिंत बहुधा वक्र असते, म्हणून कोपरा दिसत नाही. हे शोधताना मुलं काचेला नाक लावून उभी राहतात आणि त्या ओघात देखाव्यात दडलेला पक्षी, सरडा, पायाचा ठसा असं बरंच काही सापडतं.

‘याला कोणी मारलं?’ हे मूल विचारणारच. खोटं सांगू नका. जुन्या संग्रहांतले बरेच प्राणी शिकार करून आणलेले आहेत. आता म्युझियमकडे येणारे मोठे प्राणी बहुतेक प्राणिसंग्रहालयात मेलेले, अपघातात सापडलेले किंवा किनाऱ्यावर वाहून आलेले असतात. लंडनचा तो देवमासाही 1891 मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकला होता. एखाद्या नामशेष प्राण्याचा नमुना समोर असेल तर मार्था नावाच्या कबुतराची गोष्ट सांगा. उत्तर अमेरिकेत प्रवासी कबुतरांचे थवे आकाश झाकून टाकत. माणसाने त्यांची एवढी शिकार केली की शेवटची मार्था 1 सप्टेंबर 1914 ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली आणि पूर्ण जातच संपली. मुलं गप्प होतात, मग भराभर प्रश्न विचारतात. पटकन विषय बदलू नका.

दुसरा थांबा मी कवट्यांचा ठेवते. माझ्या मते जीवशास्त्र न येणाऱ्या माणसाला याहून सोयीची जागा नाही, कारण कवटी स्वतःच बोलते. पाटी हाताने झाका आणि विचारा: हा काय खात असेल? मुलं दात बघतात. मांस खाणाऱ्यांचे सुळे लांब, आणि मागचे दात कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवरून सरकणारे. गवत खाणाऱ्यांच्या दाढा रुंद, त्यांवर आडव्या घड्या, आणि पुढचे दात व दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा. मुलांना स्वतःच्या तोंडात जीभ फिरवून दात मोजायला लावा. पटाशीचे, सुळे, दाढा असं सगळं थोडं थोडं सापडतं, मग आपण काय खाणारे ते तीच सांगतात. बीव्हर या झाडं कुरतडणाऱ्या प्राण्याची कवटी असेल तर तिच्यापाशी थांबाच. पुढचे दात गडद नारिंगी दिसतात. ‘दात घासत नाही’ असं कोणीतरी म्हणतंच, पण ते लोहामुळे. दातांच्या बाहेरच्या कवचात लोह असल्याने ते कठीण होतात. शिवाय हे दात जन्मभर वाढत राहतात आणि कुरतडून झिजत राहतात.

नंतर डोळ्यांच्या खोबण्या. दोन्ही समोर असतील तर अंतराचा अंदाज नेमका येतो, झडप घालणाऱ्याला त्याचा उपयोग. बाजूला असतील तर मागून येणाराही दिसतो, पळणाऱ्याला त्याचा उपयोग. पण याचा पाठ करायचा नियम बनू देऊ नका. माकडांचे डोळेही समोर असतात, ते फांदीवरून फांदीवर उडी मारताना अंतर कळावं म्हणून, असा एक तर्क आहे. मोठ्या मुलांना मी मुद्दाम पांडाची कवटी दाखवते. वंशावळीने तो मांसाहारी गणातला, अस्वलाच्या कुळातला. पण खातो बांबू, आणि दाढा तशाच रुंद, चपट्या झालेल्या. आता त्याला कुठे बसवायचं यावर मुलं भांडतात. भांडू द्या. हत्तीच्या कवटीत मधोमध मोठं भोक दिसतं, ते डोळा समजून मुलं राक्षसाची गोष्ट रचतात. ते सोंडेच्या मुळाशी असलेलं नाकाचं भोक आहे. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात, एक झिजला की मागून दुसरा पुढे सरकतो. पहिला दात नुकताच पडलेल्या मुलांना हे भारी आवडतं.

सांगाड्यांच्या दालनात हातांकडे न्या. वटवाघळाचा पंख, देवमाशाचा वल्ह्यासारखा पर, माणसाचा हात. खांद्यापासून एक हाड, मग दोन हाडं, मग मनगटाची बारीक हाडं, मग बोटं. मुलांनी एका हाताने दुसरा हात चाचपत, समोरच्या सांगाड्यात तेच हाड शोधायचं. वटवाघळाच्या पंखात चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली असतात आणि अंगठा मोकळा असतो, त्यावर नखही असतं. देवमाशाच्या पोटाखाली तारेने टांगलेली दोन छोटी, कशालाही न जोडलेली हाडं दिसतात का बघा. ती कमरेच्या हाडाचे अवशेष आहेत, त्याचे पूर्वज चार पायांवर चालत असल्याची खूण. जिराफ असेल तर मानेचे मणके मोजायला सांगा, मोजण्याआधी प्रत्येकाला आकडा बोलायला लावा. सात भरतात. आपल्या मानेतही सातच, उंदराच्याही सातच. मान वाकवून मागे बोट फिरवलं तर तळाशी एक उंचवटा लागतो, तो बहुतेकांचा सातवा मणका असतो. स्लॉथ (झाडाला उलटा लटकणारा संथ प्राणी) आणि मॅनेटी (पाण्यात राहणारी ‘समुद्रगाय’) यांच्यात मात्र हा आकडा बदलतो.

काळाची कल्पना मुलांना आकड्यांनी येत नाही, मोठ्यांनाही येत नाही. बाहेर मोकळी जागा किंवा लांब मार्गिका असेल तर चालून दाखवा. मुलाचं एक पाऊल अर्ध्या मीटरचं, आणि एक पाऊल म्हणजे 10 लाख वर्षं असं धरा. भिंतीपाशी आज. तिथून 66 पावलं चाललं की शेवटच्या टायरॅनोसॉरसच्या काळात पोचलो. एका मुलाला तिथेच उभं करा. स्टेगोसॉरस हा दुसरा डायनासोर 150 व्या पावलाच्या आसपास, तिथे दुसऱ्याला उभं करा. आता भिंतीपासून विचारा, टायरॅनोसॉरस कोणाला जवळ आहे, आपल्याला की स्टेगोसॉरसला? आपल्याला! चित्रांमध्ये ते दोघे भांडताना पाहिलेल्या मुलांना हे पटायला वेळ लागतो. आपली मानवजात सुमारे 3 लाख वर्षांची, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. आणि शेवटचे मॅमथ आर्क्टिकमधल्या रँगेल बेटावर साधारण 4000 वर्षांपूर्वीपर्यंत होते. तेवढं अंतर या मापाने दोन मिलिमीटर.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट मी हमखास राखून ठेवते: शास्त्रज्ञांचे अंदाज कसे बदलत गेले ती. इग्वानोडॉन या डायनासोरला गिडिअन मँटेल यांनी 1825 मध्ये नाव दिलं तेव्हा हाती थोडे दात होते. पुढे थोडी हाडं मिळाली, त्यांत एक टोकदार हाड होतं. ते नाकावरचं शिंग असावं असं वाटलं. 1878 मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसार इथल्या कोळशाच्या खाणीत पुष्कळ संपूर्ण सांगाडे सापडले आणि कळलं की तो अंगठा होता. टायरॅनोसॉरसही पूर्वी शेपटी जमिनीवर टेकवून ताठ उभा दाखवत. न्यू यॉर्कच्या म्युझियमने 1990 च्या दशकात त्याची मांडणी बदलून पाठ आडवी केली, शेपटी उचलली. म्हणून मी मुलांना विचारते, ‘या सांगाड्यातली कोणती गोष्ट उद्या बदलू शकेल?’ रंग, आवाज, पिसं अशी उत्तरं येतात. बहुतेक रास्त असतात.

खनिजं, अशनी, कीटक यांवर मी कमी वेळ देते. अशनीला हात लावू देत असतील तर जरूर लावू द्या, लोखंडी असेल तर तो थंडगार लागतो. कीटकांच्या पेटीत प्रत्येक टाचणीखाली बारीक चिठ्ठी असते, कुठे आणि कधी सापडला त्याची. ती चिठ्ठी हरवली तर तो कीटक संशोधनाला जवळपास निरुपयोगी होतो, एवढं सांगितलं तरी मुलं त्या चिठ्ठ्या वाचायला वाकतात. नियम सांगताना कारण सांगा. उजेड मंद ठेवतात कारण प्रकाशाने पिसं आणि केस फिकट होतात. जुन्या कातड्यांना किडीपासून जपण्यासाठी आर्सेनिक लावत, म्हणून हात लावायचा नाही. विष म्हटल्यावर ‘हात लावू नका’ची पुनरुक्ती करावी लागत नाही.

आता वर्कशीट. मी देत नाही. रिकाम्या जागा भरायच्या असल्या की मुलं पाटीवरचा शब्द शोधतात, उतरवतात आणि पुढे पळतात. कागद सगळा भरलेला असतो आणि प्राणी बघितलेला नसतो. त्याऐवजी एक वही, एक पेन्सिल आणि ज्याला जी आवडेल ती एकच वस्तू. दहा मिनिटं बसून चित्र. पेन आणि रंग बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत, आधी विचारून घ्या. चित्र चांगलं यायची गरज नाही. बोटं किती, सांधा कुठे वाकतो हे काढताना बघावंच लागतं. शेजारी एक प्रश्न लिहायला सांगा. शाळेचा आग्रह असेल तर तीच वही शाळेत द्या.

उत्तर येत नसेल तेव्हा ‘माहीत नाही, इथे बघून काय कळतं?’ म्हणा. शेजारच्या प्राण्याशी ताडून बघा, मग पाटी, मग तिथले कर्मचारी. तरीही राहिलं तर वहीत लिहून घ्या आणि घरी खरंच शोधा. दीड तासानंतर पाय आणि डोकं दोन्ही थकतात, म्हणून मध्ये एकदा तरी बसून घ्या आणि मुलांना अजून थोडा उत्साह असतानाच निघा. एखादा थांबा राहिला तर राहू दे. म्युझियमच्या दुकानात जायचं की नाही, जायचं तर काय आणि किती घ्यायचं, हे आत शिरण्याआधी ठरवून टाका. परतीच्या वाटेवर ‘काय काय पाहिलं?’ अशी परीक्षा घेऊ नका. वहीतले प्रश्न एकमेकांना वाचून दाखवू द्या.

राहिला गाईड. गट पंधराच्या वर असेल तर घ्या, नुसता गोंधळ आवरायला तरी उपयोग होतो. आठ मुलांसाठी मी घेणार नाही. घ्यायचाच असेल तर आधी दोन गोष्टी विचारा: पूर्ण म्युझियमऐवजी आम्ही निवडलेली तीनच ठिकाणं दाखवाल का, आणि मुलं मध्ये बोलली तर चालेल का. दुसऱ्या प्रश्नावर समोरची व्यक्ती खुलली तर तिला जरूर सोबत घ्या. ‘प्रश्न शेवटी विचारा’ असं उत्तर आलं तर त्या तिकिटाच्या पैशांत प्रत्येक मुलाला एक चांगली वही येईल.